मांडवातला एक

"या मांडवात बसलेला एक जीव येत्या रविवारी देवळात प्रभुभोजनाला नसेल," साबळे उपदेशक म्हणाले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून सावकाश कपाळ पुसलं. "तो कुठे असेल ते मी सांगायला नको. देवाने मला दाखवलं आहे. कोण, ते मात्र दाखवलं नाही."

ओरडून बोलले असते तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. ओरडणारे उपदेशक आमच्या मंडळीने पुष्कळ पाहिले होते. त्यांच्या आवाजाने तान्ही पोरं रडायची आणि म्हातारे खुशाल पेंगायचे. साबळे मात्र शेजारणीला घरातली अडचण सांगावी तसे हळू बोलायचे. ऐकू यावं म्हणून माणसं पुढे सरकायची आणि पुढे सरकली की सापडायची.

मी बायकांच्या बाजूला, सासूबाईंच्या मांडीला मांडी लावून बसले होते. मला नववा महिना लागला होता. याआधी दोनदा माझी कूस भरली होती आणि दोन्ही वेळेला मूल निपचितच हातात आलं होतं. दुसऱ्या वेळी मीही जाता जाता राहिले. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे उपदेशक बोलायचे थांबले तेव्हा काय झालं, तर समोरच्या मर्याबाईने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारणीने पाहिलं. मग एकेक करून साऱ्या बायकांनी आधी माझ्या पोटाकडे, मग तोंडाकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. देवाने नाव सांगितलं नसेल, पण बायकांनी ते तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

उन्हाळ्याचे दिवस, मांडवात गॅसबत्त्यांचा उबारा, आणि मला हुडहुडी भरली.

आमची वाडी नेवाशाच्या अंगाला, नदीच्या अलीकडे. सगळी ख्रिस्ती घरं. सुगी उरकली की दरवर्षी देवळापुढच्या पटांगणात मांडव पडायचा आणि आठवडाभर उपदेशाच्या, पश्चात्तापाच्या संजीवन सभा भरायच्या. त्या वर्षी साबळ्यांना बोलावलं ते माझ्या सासूबाईंच्या हट्टावरून. हन्नाबाई म्हणजे वाडीतली प्रार्थनेची बाई. कुणाला ताप आला की आधी हन्नाबाईला हाक, मग वैद्याला. आणि अशा बाईच्या पदरी नवरा पडला होता भिवाजी पारखे.

भिवाजी म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची. ओढ्याकाठच्या बाभळीत त्यांची दारूची भट्टी होती. तोंडात शिवी आणि कमरेला विळा, दोन्ही सदा तयार. फार पूर्वी मंडळीच्या एका पंचाचा त्यांनी पुढचा दात पाडला, तेव्हा त्यांना मंडळीतून काढलं. मामांनीही शपथ घेतली, की पुन्हा या देवळात पाय ठेवणार नाही. तेव्हापासून ते दोघं, म्हणजे देव आणि मामा, एकमेकांच्या वाटेला जात नव्हते. सासूबाई मात्र रोज पहाटे गुडघे टेकून नवऱ्याचं नाव घ्यायच्या. साबळ्यांची कीर्ती अशी होती, की त्यांच्या सभेत दगडसुद्धा उठून उभा राहतो. म्हणून हा सगळा घाट.

साबळ्यांनी ते भाकीत सांगितलं त्या बुधवारीही मामा सभेच्या वेळी मांडवाबाहेर, बैलगाडीच्या जूवर बसून चिलीम ओढत होते. ऐकू सगळं येत होतं.

उपदेशकांचं बोलणं संपायच्या आत पुढच्या सतरंजीवर माणसांची रीघ लागली. ज्यांना पश्चात्ताप झाला त्यांनी या सतरंजीवर येऊन बसायचं, असा रिवाज होता. एरवी साऱ्या आठवड्यात दोघंचौघं बसायची. त्या संध्याकाळी सतरंजी पुरली नाही. कुणी कोंबडी चोरल्याचं सांगितलं, कुणी बांध सरकवल्याचं. एका म्हाताऱ्याने तर केव्हाच वारलेल्या बायकोशी कधीकाळी खोटं बोलल्याची कबुली दिली. एरवी मला हसू आवरलं नसतं. त्या दिवशी मी फक्त पोटावर हात ठेवून आतून काही हलतंय का ते पाहत होते.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "दीना, उठ. तूही जा पुढे."

"मी काय सांगू, आत्याबाई?"

"काहीतरी असेलच. माणसाच्या पोटी जन्मलेल्याचं काहीतरी असतंच."

मी गेले, बसले आणि रडले. लोकांना वाटलं, पश्चात्ताप. मला नुसती भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून माझं घर म्हणजे सांत्वनाचं घर झालं. मी जिवंत, चुलीपुढे भाकरी थापतेय आणि बायका येऊन माझ्याजवळ हळू आवाजात बोलतायत. मर्याबाईने माझी कधीची नेलेली पितळी कासंडी घासूनपुसून परत आणली. "राहिलं होतं बाई," म्हणाली. "मागाहून उगीच मनाला लागून राहायला नको." कुणी मला लाडू आणून दिला आणि मी खाईपर्यंत माझ्याकडे बघत बसली. जिच्याशी माझं पाण्यावरून भांडण होतं ती आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "माझ्याबद्दल वर काही सांगू नकोस हं."

हसू नका. भीती अशीच येते. चांगुलपणाने वागते आणि घरभर होते.

शुक्रवारी सकाळी मी विहिरीवरून येताना दफनभूमीच्या बाजूने आले. आमच्याकडची जमीन मुरमाड. उन्हाळ्यात कुदळ मारली तर ठिणगी पडेल अशी. म्हणून कुणी अत्यवस्थ असलं, की आदल्या दिवशीच जागेवर पाणी ओतून ठेवायची पद्धत होती. ओल मुरली की खणायला सोपं जातं. त्या सकाळी कुंपणाजवळ एक जागा ओली दिसली. माणसाच्या लांबीची. वाडीत अत्यवस्थ कुणीच नव्हतं. खणाईचं काम ज्या पंचाकडे होतं तो माणूस वाईट नव्हता, फक्त तयारीचा होता. रविवारपर्यंत लागणारच आहे तर आधीच ओतून ठेवू, एवढाच त्याचा विचार.

माझी घागर तिथेच पडली. पायाशी पाणी सांडलं ते मी पाहत राहिले. मग लक्षात आलं, की सकाळपासून पोटातलं मूल हललेलं नाही.

घरी आले तेव्हा मामा ओसरीवर विळ्याला धार लावत होते. माझं तोंड पाहून त्यांचा हात थांबला.

"घागर कुठंय?"

मी सांगितलं. पाणी ओतलेलं सांगितलं, मूल हलत नाही तेही सांगितलं. सासऱ्याशी असलं बोलायची रीत नव्हती. पण घरात दुसरं होतं कोण? माझा नवरा शलमोन पलटणीत, पार आसामात. सासूबाईंनी बुधवारपासून उपास धरलेला. त्या आतल्या खोलीत गुडघ्यांवर.

मामांनी पंचाच्या आईचा उद्धार केला. मग विचारलं, "दवाखान्यात का जात न्हाई?"

"आत्याबाई म्हणतात, देवाने ठरवलेलं दवाखान्यात टळत नाही."

"आन् तुला काय वाटतं?"

"मला मरायचं नाही, मामा."

हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले, की माझी मलाच लाज वाटली. मामा विळ्याच्या धारेवर अंगठा फिरवत राहिले.

"तुम्हांला नाही भीती वाटत?" मी विचारलं. "त्यांनी सांगितलं तसं झालं तर?"

"मला कशाला भ्या? म्या मांडवाच्या भायेर व्हतो." ते हसले. "त्यानं आतल्यांचं सांगितलं. भायेरच्यांना त्यो मोजतच न्हाई."

त्या दिवशी ते भट्टीकडे गेले नाहीत. दिवसभर ओसरीवरच बसून होते आणि मी इकडून तिकडे गेले की माझ्याकडे पाहत होते. ते पाहणं इतर लोकांसारखं नव्हतं. पण मी इतकी घाबरले होते, की मला सगळ्यांचे डोळे सारखेच वाटत होते.

शनिवारी दुपारी जेवणवेळेच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. दिवस पुरे भरले नव्हते. पहिल्या दोन्ही वेळेला असंच झालं होतं. मी भिंत धरून खाली बसले आणि आत्याबाईंना हाक मारली. त्या आल्या. आल्या त्या माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. उपासाने त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"कबूल कर, पोरी. अजून वेळ आहे. काय असेल ते कबूल कर."

"आत्याबाई, गाडी जुंपायला सांगा."

"काय केलंस तू? कुणाचं वाईट चिंतलंस? सांग ना गं!" त्या माझे खांदे हलवत होत्या आणि रडत होत्या. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त भीती वाटत होती. प्रेमाचं माणूससुद्धा आता मला सोडवायला बघत नव्हतं, नुसतं तयार करून पाठवायला बघत होतं.

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. मामा आत आले, त्यांनी मला उचललं आणि गाडीत कडब्यावर गोधडी टाकली होती तिच्यावर ठेवलं.

"अहो, देवाची इच्छा..." सासूबाई दारातून म्हणाल्या.

"त्याची इच्छा त्याच्यापाशी. तुला यायचं तं ये, न्हाईतर ऱ्हा."

सासूबाई अनवाणीच गाडीमागून निघाल्या.

मिशनचा दवाखाना नदीपलीकडे. वाट पटांगणावरून जायची. मांडवात उपासाची सभा भरली होती. सगळी वाडी आत होती. गाडी दिसली तसं गाणं थांबलं. लोक उभे राहून पाहायला लागले. कुणी तरी मोठ्याने प्रार्थना सुरू केली, ती माझ्या आत्म्यासाठी होती. मी तोंडावर पदर ओढला.

आणि गाडी थांबली.

"मामा, थांबू नका," मी म्हणाले. "मामा, पाया पडते, थांबू नका."

त्यांनी कासरा जूला गुंडाळला, खाली उतरले आणि मांडवाकडे चालायला लागले. मला वाटलं, आता हे कुणाचा तरी दात पाडणार. लोकांनाही तसंच वाटलं असावं. तो पाणी ओतणारा पंच खांबामागे झाला. मामा मात्र मांडवाच्या कडेशी थबकले. पायातल्या वहाणा काढल्या, कमरेचा विळा काढून वहाणांवर ठेवला आणि आत शिरले. मधल्या वाटेने थेट पुढे गेले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग एकच कल्लोळ उठला. देवाची स्तुती असो, देवाची स्तुती असो! बायका रडायला लागल्या. सासूबाई गाडीचं चाक धरून उभ्या होत्या, त्या तिथेच खाली बसल्या. इतक्या वर्षांची त्यांची प्रार्थना समोर सतरंजीवर बसली होती. साबळ्यांनी दोन्ही हात वर केले. "पाहा प्रियांनो! देवाच्या भयाने काय होतं ते पाहा!" आणि त्यांनी गाणं उचललं.

"गाणं मागून म्हन," मामा म्हणाले. "आधी मला मोज."

गाणं थांबलं.

"बंधू, तुम्ही पश्चात्ताप..."

"त्यातलं मला काही कळत न्हाई. बुधवारी म्या भायेर व्हतो. आता आत आलोय. ह्या आत बसलेल्यांतला एक न्यायचाय ना त्याला? मंग मला मोज, आन् पोरीला सोड म्हनावं."

बैलाने मान हलवली ती घुंगरं सगळ्यांना ऐकू गेली असतील. मला एक मोठी कळ आली, पण मी दात दाबून धरले. मला ऐकायचं होतं.

"असं होत नसतं, भिवाजीभाऊ," साबळे म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू झाला होता.

"का न्हाई व्हत? एकानं केलंय ना तसं, दुसऱ्याच्या बदली? माझी बायको रोज सकाळी तेच सांगती. का तेबी खोटंय?"

साबळ्यांनी रुमाल काढला, पण कपाळाला लावलाच नाही. ते मामांकडे पाहत होते आणि भर सभेत, सगळ्यांदेखत, त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. मी दोन-तीन दिवस भ्यालेल्या माणसांतच वावरत होते, त्यामुळे भीती मला लांबूनही ओळखू येत होती. आता ती त्यांना वाटत होती.

"मोजलं का?" मामांनी विचारलं. "पोरीला दम न्हाई. लवकर सांग."

"मोजलं," साबळे म्हणाले.

मामा उठले, धोतर झटकलं, वहाणा घातल्या. विळा तिथेच राहिला. गाडी हलली तरी सभा जागेवरून हलली नाही.

नदीच्या उतारावर मागून पावलं वाजली. साबळे उपदेशक छत्री घेऊन धावत येत होते. एवढा कडक इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस, पण घामाने चिंब झाला होता. गाडीबरोबर चालत त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली. वाळूत त्यांचे बूट रुतत होते.

"भिवाजीभाऊ, गाडी थांबवा. मला काही सांगायचं आहे."

"गाडी थांबायची न्हाई. चालता चालता सांगा."

"मला देवाने काही दाखवलं नव्हतं." ते धापा टाकत होते. "मी प्रत्येक गावात हेच सांगतो. लोक प्रेमाने सांगून उठत नाहीत. भीती घातली की उठतात. एका रविवारी नाही तर दुसऱ्या रविवारी कुठे ना कुठे कुणीतरी जातंच. कुणी विचारायला येत नाही. आजवर कुणी असं... कुणी असं येऊन बसलं नाही."

मामांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तुम्ही माणूस चांगले आहात, साहेब," ते म्हणाले. "माझा जीव वाचावा म्हनून आता असं बोलताय. पन म्या एकदा दिलं ते दिलं. माघारी घेत न्हाई."

"अहो, खरंच सांगतो!"

"ऱ्हाऊ द्या. छत्री नीट धरा, तिच्या तोंडावर ऊन येतंय."

साबळे रडायला लागले. छत्री मात्र त्यांनी दवाखान्याच्या दारापर्यंत नीट धरली.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. नर्सबाई ओरडत होती, खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवत होती. मधेच सासूबाईंचा हात हातात होता आणि त्या मला काही कबूल करायला सांगत नव्हत्या, नुसतं "दीना, दीना" म्हणत होत्या. एकदा मला वाटलं, संपलं. मग उजाडता उजाडता एक बारीकसा, चिडका आवाज ऐकू आला. तो कुणाचा ते मला आधी समजलंच नाही. आमच्या घरात तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.

मुलगी होती. नर्सबाईने ती माझ्या छातीवर ठेवली, तेव्हा तिने माझ्या हनुवटीला लाथ मारली.

माझी खाट खिडकीशी होती. बाहेर व्हरांडा. तिथे मामा उताणे पडलेले दिसले. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, हात छातीवर ठेवून आणि उपरणं तोंडावरून घेऊन. मी भेदरून किंचाळणार होते, तेवढ्यात उपरण्यावर माशी बसली आणि मामांनी ती हाकलली. आदल्या संध्याकाळपासून ते तसेच पडून होते, असं सासूबाईंनी मागाहून सांगितलं. नेणाऱ्याला त्रास नको म्हणून. साबळे त्यांच्या उशाशी भिंतीला टेकून बसलेले. दाढी वाढलेली, कॉलर मळलेली.

दवाखान्याच्या आवारातल्या लहान देवळाची घंटा वाजली. मामांनी तोंडावरून उपरणं बाजूला केलं.

"रविवार झाला व्हय?"

"झाला, भिवाजीभाऊ."

"त्यो कुनाचा आवाज?"

"तुमच्या नातीचा. केव्हापासून रडतेय."

"आन् दीना?"

"जागी आहे. बघा, खिडकीतून पाहतेय."

मामा उठून बसले. माझ्याकडे पाहिलं, माझ्या छातीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. तोंडावर हात फिरवला. आणि तो माणूस, ज्याला मी शिव्या देताना, मारामारी करताना, पिऊन झिंगताना पाहिलं होतं, तो भीतीने थरथर कापायला लागला. मला आधी वाटलं, त्यांना झटका आला.

"मंग म्या का हाय?" ते म्हणाले.

"मी सांगितलं होतं ना, मला काही दाखवलं..."

"तुमचं सोडा. म्या त्याला देऊन टाकला व्हता हा जीव. रातभर वाट बघितली. त्यानं घेतला न्हाई." त्यांनी साबळ्यांचं मनगट घट्ट धरलं. "मंग ह्यो आता कुनाचा, साहेब? माझा तं न्हाई ना ऱ्हायला?"

मामा वाट पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

मग ते भिंतीला हात लावून उठले आणि साबळ्यांना दंडाला धरून उठवलं.

"चला," मामा म्हणाले. "आत जाऊन त्यालाच इचारू."

मी खिडकीतून पाहत होते. मामा पुढे आणि उपदेशक मागे, असे ते दोघे देवळाकडे चालत गेले.